लग्न ठरवताना दोघांनी एकच पुस्तक वाचून बघा

सांगलीत हल्ली बघायचा कार्यक्रम घरच्या पोह्यांवर कमी आणि विश्रामबागच्या कॅफेत जास्त होतो, आणि तिथं पंधरा मिनिटांत दोघांचं सगळं सेम निघतं. ट्रॅव्हल आवडतं, मला पण. कुत्री आवडतात, मला पण. याला काही अर्थ नाही हो, समोरच्याला काय ऐकायचंय ते दोघांनाही बरोबर कळत असतं. त्यापेक्षा तिसऱ्याच कुणाच्या तरी संसाराबद्दल बोला, पुस्तकातल्या नाहीतर नाटकातल्या. दुसऱ्याच्या भांडणात माणूस बाजू घेतोच, आणि बाजू घेता घेता स्वतःबद्दल खरं बोलून जातो.

आधी घरच्यांचं समाधान. पत्रिकेचे 36 गुण बघतात ना, त्यात गण एकच आला की 6 पैकी 6, पण सगळ्यात जास्त म्हणजे 8 गुण नाडीला असतात आणि ते नाडी वेगळी असली तरच मिळतात. म्हणजे काही सारखं पाहिजे आणि काही वेगळं पाहिजे हे पत्रिकेलाही मान्य आहे (माझा पत्रिकेवर विश्वास नाही, पण आत्याला समजवायला हा मुद्दा भारी चालतो).

आता पुस्तक कुठलं घ्यायचं. वाचायची सवय असेल तर सरळ वि. स. खांडेकरांची ययाति कादंबरी घ्या, 1959 ची, आणि खांडेकर जन्मानं सांगलीचेच. त्यात ययाति राजा, त्याची राणी देवयानी आणि तिची दासी झालेली शर्मिष्ठा आपापली बाजू स्वतः सांगतात, त्यामुळं प्रश्न आयता मिळतो: कुणाचं पटलं? देवयानी नुसती गर्विष्ठ वाटली, का तिच्या रागाला कारण होतं असं वाटलं? उत्तर काहीही येऊदे, तुमचं उत्तर वेगळं निघाल्यावर समोरचा काय करतो ते बघा. ऐकून घेतो, चिडतो, का लगेच 'हो हो तसंच' म्हणून तुमच्या बाजूला येतो? हे तिसरं मला सगळ्यात धोक्याचं वाटतं.

वाचन नसेल तर नाटक बघा. नाटककार गोविंद बल्लाळ देवल आपल्या हरिपूरचे, त्यांचं संशयकल्लोळ ऑनलाइन सहज सापडतं. त्यातले नवरा-बायको फाल्गुनराव आणि कृत्तिका बघा, दोघं अगदी एकसारखे संशयी, 'आमचे स्वभाव जुळतात' म्हणायला हरकत नाही अशी जोडी, आणि त्या जुळण्यानंच घराचा तमाशा होतो. म्हणून आपले कुठले गुण जुळतात एवढंच मोजत बसू नका, कुठले दोष जुळतात तेही विचारा. दोघंही भांडण झालं की चार दिवस अबोला धरणारे असले तर पहिलं कोण बोलणार? हे लग्नाआधी ठरवून ठेवलेलं बरं. देवलांचंच शारदा 1899 चं, त्यात म्हातारा भुजंगनाथ आणि कोवळी शारदा, तो फरक वेगळाच, तिथं मुलीला कुणी विचारतच नाही, पैशावर सगळं ठरतं. तसला फरक 'जमवून घेऊ' यात बसवायचा नाही.

पण माझ्या मते सगळ्यात कामाचं पुस्तक स्मृतिचित्रे, लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र. त्यांचे नवरे, कवी नारायण वामन टिळक, 1895 ला ख्रिस्ती झाले, लक्ष्मीबाई सोवळ्याओवळ्याच्या घरातल्या, काही वर्षं दोघं वेगळे राहिले, मग परत एकत्र आले आणि 1900 साली लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. धर्माएवढा मोठा फरक मध्ये आला तरी संसार टिकला तो कसा, हे शोधत वाचा. मला वाटतं त्यांचं एक आतून जुळत होतं, दोघांनाही शब्दांचं वेड, टिळकांचं अर्धवट राहिलेलं ख्रिस्तायन हे ख्रिस्तावरचं काव्य नंतर लक्ष्मीबाईंनीच पुरं केलं. आणि दुसरं म्हणजे लक्ष्मीबाईंना नवऱ्यावर आणि स्वतःवरही हसता येत होतं. तुमचं मत वेगळं असू शकतं, तेच तर एकमेकांना सांगायचंय.

अभ्यास करणारेही साधारण असंच सांगतात. 2023 ला अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या लोकांनी जुने 199 अभ्यास एकत्र करून बघितले, तर जोडप्यांत राजकीय आणि धार्मिक मतं, शिक्षण हे बऱ्यापैकी जुळतं, पण कोण बोलकं कोण अबोल असला स्वभाव फारसा जुळत नाही. तेव्हा तो गप्प आणि तुम्ही बडबड्या, एवढ्यावरून नकार देऊ नका. पैसा, आईवडील, मुलं, देवधर्म, पुण्याला जायचं का इथंच राहायचं, यावर मात्र पुस्तकातून हळूच स्वतःवर या, 'टिळकांच्या जागी तू असतास तर घरी आधी सांगितलं असतंस का?' असं.

दोघांनी पुस्तक वेगवेगळं वाचायचं, वाचताना व्हॉट्सअपवर चर्चा नको, नाहीतर मतं तिथंच एक होतात. पंधरा-वीस दिवस द्या. मग कृष्णेच्या घाटावर नाहीतर हरिपूरच्या संगमावर भेटा, कॅफेत शेजारच्या टेबलावर कुणीतरी ओळखीचं निघतंच. आणि समोरचा वाचलंच नाही, यूट्यूबवर सारांश ऐकून आलो म्हणाला तर लगेच फुली मारू नका, खरं सांगितलं ना. वाचलंय म्हणून ठोकून देणाऱ्याला मात्र शर्मिष्ठेबद्दल दोन प्रश्न जरूर विचारा.