इंग्लंडमधील पूर्वजाचे कुटुंब शोधताना विवाहनोंदीपासून सुरुवात करावी

इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, विवाह व मृत्यू यांची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ रोजी सुरू झाली. त्यानंतरच्या पूर्वजाचा शोध विवाहनोंदीपासून सुरू करणे मला सर्वांत भरवशाचे वाटते, कारण तिच्यात सहसा वधू आणि वर दोघांच्याही वडिलांचे नाव व व्यवसाय दिलेला असतो आणि त्यावरून जनगणनेतील एकाच नावाच्या अनेक माणसांमधून योग्य घर ओळखता येते. दर दहा वर्षांनी होणाऱ्या जनगणनेत १८५१ पासून कुटुंबप्रमुखाशी असलेले नाते, वय आणि जन्मगाव मिळते. १८४१ च्या जनगणनेत मात्र नाते दिलेले नाही आणि पंधरा वर्षांवरील व्यक्तींचे वय बहुधा पाचच्या खालच्या पटीत लिहिलेले आहे, म्हणून तेथील ‘३०’ म्हणजे ३० ते ३४ असे धरावे.

वय आणि जन्मगावावरून जन्मनोंद सापडली की तिच्यातील आईचे माहेरचे आडनाव आईवडिलांच्या विवाहनोंदीशी ताडून पाहावे. ते जुळल्याखेरीज आधीच्या पिढीकडे वळू नये. जनरल रजिस्टर ऑफिस, म्हणजे या नोंदी सांभाळणारे सरकारी कार्यालय, याच्या ऑनलाइन जन्मसूचीत याच आडनावावरून भावंडेही शोधता येतात, आणि दोन जनगणनांच्या मधल्या काळात जन्मून दगावलेली, कोणत्याही गणनेत न आलेली मुले तिथेच सापडतात.

१९३१ च्या जनगणनेची इंग्लंड-वेल्सची कागदपत्रे १९४२ मध्ये आगीत नष्ट झाली व १९४१ मध्ये जनगणनाच झाली नाही, त्यामुळे त्या काळासाठी सप्टेंबर १९३९ ची रहिवाशांची राष्ट्रीय नोंदवही पाहावी.