ब्रूइंगच्या विद्युत पॅनेलची अँपिअर-क्षमता कशी वाढवावी

पुण्यातील एखाद्या मायक्रोब्रुअरीत, म्हणजे बिअर बनवणाऱ्या छोट्या कारखान्यात, चाचणीच्या घाण्यासाठी ठेवलेली पन्नास लिटरची किटली साडेतीन किलोवॅटच्या हीटरवर उकळीला यायला किमान सव्वा तास घेते. साडेपाच किलोवॅटचा हीटर बसवल्यास तेच काम सुमारे पाऊण तासात होते, पण त्यासाठी हीटरला वीज देणाऱ्या पॅनेलची क्षमता वाढवावी लागते. महाराष्ट्रात बिअर तयार करण्यास राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो, तो आहे असे धरूनच पुढील लेखन केले आहे.

सर्वप्रथम भार मोजावा. ५५०० वॅटला २३० व्होल्टने भागले की सुमारे २४ अँपिअर येतात. हीटर तासन् तास चालत असल्याने यात पाव हिस्सा वाढवून ३० अँपिअर धरावेत आणि ३२ अँपिअरचा एमसीबी (जादा प्रवाह वाहिल्यास आपोआप तुटणारा स्विच) निवडावा. महावितरणच्या बिलावरील मंजूर भार एवढ्याला पुरतो का, हेही याच वेळी पाहावे. मात्र जुन्या पॅनेलमध्ये नुसता मोठा एमसीबी बसवणे ही सर्वांत घातक चूक आहे, कारण एमसीबी तारेचे रक्षण करण्यासाठी असतो. तो मोठा केला आणि आतली अडीच चौरस मिलिमीटरची तार तशीच ठेवली, तर तार तापत राहते आणि एमसीबी मात्र ट्रिप होत नाही.

प्रत्यक्ष काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. मुख्य पुरवठा बंद करून कुलूप लावावे आणि मल्टिमीटरने फेज, न्यूट्रल व अर्थ यांच्यात व्होल्टेज नसल्याची खात्री करावी.

यानंतर हीटरच्या मार्गातील प्रत्येक दुवा बदलावा. फेज, न्यूट्रल आणि अर्थ या तिन्हींसाठी सहा चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घ्यावी. अंतर लांब असेल तर उत्पादकाचा तक्ता पाहून त्याहून जाड. कॉन्टॅक्टर (मोठा प्रवाह जोडणारा-तोडणारा विद्युतचुंबकीय स्विच) एसी-१ भारासाठी, म्हणजे हीटरसारख्या भारासाठी, ४० अँपिअरचा आणि आरसीसीबी (गळतीचा प्रवाह ओळखून पुरवठा तोडणारा स्विच) ४० अँपिअरचा, ३० मिलिअँपिअर गळतीवर तुटणारा असावा. सोळा अँपिअरचा घरगुती प्लग येथे चालत नाही. ३२ अँपिअरचा निळा औद्योगिक प्लग व सॉकेट लावावा. हीटर चालू-बंद करणारा सॉलिड स्टेट रिले (हलते भाग नसलेला इलेक्ट्रॉनिक स्विच) २४ अँपिअरवर साधारण तीस वॅट उष्णता सोडतो, म्हणून तो प्रशस्त हीटसिंकवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पंखेदार ठोकळ्यावर), पंख उभे राहतील असा बसवावा. हा रिले बिघडतो तेव्हा बहुधा चालू स्थितीतच अडकतो. तेव्हा हीटर बंद करता यावा म्हणून त्याच्या आधीचा कॉन्टॅक्टर वगळू नये, असे मी आग्रहाने सांगतो.

टर्मिनलकडे विशेष लक्ष द्यावे. माझ्या एका पॅनेलमध्ये फेजची बाजू निर्दोष होती, पण न्यूट्रलचा स्क्रू अर्धा फेरा सैल राहिला होता. तिसऱ्या उकळीला जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. झाकण उघडले तेव्हा निळे इन्सुलेशन बोटभर तपकिरी होऊन कडक झालेले होते आणि लगवर (तारेच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या जोडणीवर) काजळी धरली होती. तेव्हापासून प्रत्येक टोकाला लग क्रिम्प करून (दाबून घट्ट बसवून), उत्पादकाने दिलेल्या टॉर्कनेच (आवळण्याच्या जोरानेच) स्क्रू आवळतो आणि पहिल्या पूर्ण उकळीनंतर, पुरवठा तोडून, ते सर्व पुन्हा तपासतो.

पहिली चाचणी साध्या पाण्यावर, हीटर पूर्ण बुडालेला ठेवून घ्यावी. आरसीसीबीचे टेस्ट बटण दाबून पाहावे, क्लॅम्प मीटरने प्रवाह मोजावा आणि अर्ध्या तासाने हीटसिंकचे तापमान पाहावे. समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवरच्या पुण्यात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते. तापमान-नियंत्रकावर १०० अंश लावल्यास तो हीटर पूर्ण शक्तीने चालूच ठेवतो आणि किटली उतू जाते. म्हणून उकळी फुटताच नियंत्रक मॅन्युअलवर घेऊन शक्तीचे प्रमाण हाताने कमी करावे.