उलंगवाडीनंतरचा छापा : पोट्ट्यांचा रात्रीचा खेळ कसा मांडायचा

सगळ्यात आधी शेजारच्या वावरातलं झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडणारं यंत्र, बंद करून घ्या. बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल. ओलिताचा भुईमूग असला की डुकरांसाठी तारा लागतात, आणि काही जण मशीनचा खर्च वाचवायला थेट लाइनच तारेत सोडतात. तसं कुणी आसपास असेल तर त्या बाजूला पोरं नेऊच नका. मग विहीर. आमच्याकडे निम्म्या विहिरींना कठडा नाही. चारी बाजूंनी खुंट्या ठोकून पांढरी दोरी बांधायची आणि वीस पावलं अलीकडे चुन्याची रेघ मारायची. रेघ ओलांडली तो खेळातून बाद. वावराचा मालक, पोलीस पाटील आणि प्रत्येक पोराची आई, यांना दिवसाउजेडी सांगून ठेवायचं. आणि पायात बूट. चप्पल घालून आलेल्याला घरी पाठवायचं, मग तो सरपंचाचा का असेना. मण्यार रात्रीच फिरते.

मी पायदळात सतरा वर्षं काढून हवालदार म्हणून घरी आलो. कमांडो नव्हतो. पारावर कुणी माझ्याबद्दल तसं सांगत असेल तर ती थाप आहे. पण रात्रीची गस्त केली, थंडीत हालचाल न करता पडून राहिलो, आणि पहाटे माणसं मोजून परत आणली. पोरांना मी शत्रूच्या मुलखात शिरायचं, बघायचं आणि परत यायचं, एवढंच शिकवतो. मारामारी या खेळात नाही.

दिवस निवडताना पंचांग बघा. उलंगवाडी, म्हणजे कापसाची शेवटची वेचणी, झालेली असावी, पऱ्हाट्या उपटून वावरं मोकळी झालेली असावीत, आणि तिथी वद्य अष्टमीच्या आसपासची घ्यावी. त्या रात्री चंद्र मध्यरात्रीच्या सुमाराला वर येतो, म्हणजे साडेआठपासून अकरापर्यंत चांगला काळोख मिळतो. अकराला खेळ संपवायचा. बारा ते पंधरा वयाची बारा पोरं पुष्कळ झाली. पाच जण राखणीला, सहा जण छाप्याला, तीन-तीनच्या दोन टोळ्या करून. उरलेला एक माझ्याजवळ, मोजायला.

राखणवाल्यांना वावरातली खोपडी (झोपडी) द्यायची. आत काही वस्तू मांडायच्या: घमेली, दोरीचा वेढा, दोन दुपट्टे, एखादी घागर. छापेवाले बंधाऱ्यापासून निघतात, अंतर साधारण सहाशे मीटर. त्यांनी वस्तू उचलून आणायची नाही. पोरांना हे पटत नाही. त्यांना झेंडा पळवायचा असतो. मी सांगतो, बापा, झेंडा आणलास तर तिकडच्याला कळलं की तू येऊन गेलास. आत किती घमेली, दुपट्ट्यांचा रंग काय, राखणवाले जागा कधी बदलतात, हे डोक्यात घेऊन ये. जानेवारी १६६४ मध्ये महाराजांनी सुरत लुटली, त्याच्या आधी बहिर्जी नाईकांची बातमी आली होती. घोडी नंतर निघाली.

आता डोळे. अंधाराला डोळा पुरता सरावायला अर्धा तास लागतो आणि मोबाइलच्या एका उजेडात तो सराव जातो. म्हणून सगळे मोबाइल एका डब्यात, डबा माझ्याजवळ. प्रत्येक टोळीला अडचणीसाठी एक बॅटरी, तिच्या काचेवर लाल जिलेटिनचा कागद. अंधारात एखादी वस्तू नीट बघायची तर तिच्याकडे थेट बघू नका, जरा बाजूला बघा. डोळ्याच्या मधल्या भागाला काळोखात कमी दिसतं, कडेच्या भागाला जास्त. हे पोरांना आधी खोटं वाटतं. मग मी लांब पळसाखाली एक घागर ठेवतो आणि म्हणतो, झाडाच्या शेंड्याकडे बघ. घागर दिसते.

चालणं शिकवायला मात्र दोन संध्याकाळी द्या. काळ्या मातीची उन्हाळ्यातली ढेकळं पायाखाली फुटली की पन्नास पावलांवर ऐकू जातं, आणि ज्वारीची धसकटं त्याहून वाईट. बैलबंडीच्या चाकोरीत माती पिठासारखी झालेली असते, तिथून पाय टाका. चाकोरी नसेल तर पाय उंच उचलायचा, बाहेरची कड आधी टेकवायची, खाली काय आहे ते चाचपायचं, मग भार द्यायचा. भेगांमध्ये पाय मुरगळतो तो घाई करणाऱ्याचा. दहा पावलं झाली की थांबून कान द्यायचा. धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, कधीच चालायचं नाही, आभाळाच्या पुढे माणूस खांबासारखा दिसतो. धुऱ्याच्या खालून जायचं. कपडे काळे नकोत, मातकट किंवा खाकी. पूर्ण काळा कपडा उघड्या वावरात उलट उठून दिसतो. पांढरी बनियन घालून येणारा एक तरी दरवर्षी असतोच.

निघण्याआधी प्रत्येकाने जागेवर तीन उड्या मारायच्या. चिल्लर, किल्ली, पैंजण, कडं, जे वाजेल ते काढून ठेवायचं. फौजेत आम्हीही हेच करायचो. वासाचंही बघा. केसांना गावभर दरवळणारं तेल लावून आलेल्याला कुत्रं आधी ओळखतं. राखणीला जरा मोठी पोरं घेतली तर त्यांच्यातला एखादा चोरून खर्रा (तंबाखू-सुपारी) घोटणारा निघतो. त्याच्या थुंकण्यावरून छापेवाल्यांनी त्याची जागा हेरली, असं दोनदा झालंय. चिमूटभर चुलीची राख हातात घ्या, हळूच सोडा, वारा कुठून आहे ते कळतं. कुत्र्याकडे नेहमी वारा आपल्या तोंडावर येईल अशा बाजूने जायचं.

दिशेसाठी कंपास लागत नाही. उन्हाळ्यात रात्री सप्तर्षी उत्तरेला उंच असतात. माझी आजी त्याला बाजलं म्हणायची. चौकोनाच्या पुढच्या दोन ताऱ्यांची रेघ पुढे ओढली की ध्रुव. आपल्याकडे तो क्षितिजापासून साधारण वीस अंशांवर असतो. हात लांब करून मुठीवर मूठ ठेवली की दुसऱ्या मुठीच्या वर बघायचं. अंतरासाठी दिवसा टेपने शंभर मीटर मोजून आपली पावलं ठरवून घ्यायची. रात्री दर शंभर मीटरला तुरीचा एक दाणा उजव्या खिशातून डाव्यात टाकायचा. अंधारात पोरगं मोजणं विसरतं, दाणा विसरत नाही.

टिटवी हा वेगळाच विषय आहे. उन्हाळ्यात ती उघड्या वावरात जमिनीवर अंडी घालते आणि जवळ कुणी आलं की सगळा शिवार उठवते. आमच्या खेळातली सगळ्यात हुशार छापेवाली शेळ्या चारणारी पोरगी होती. टिटवी कुठे बसते हे तिला दिवसाच माहीत होतं. आपली टोळी तिनं लांबच्या वळशाने नेली. दुसऱ्या टोळीला मात्र टिटवीच्या बाजूने जाऊ दिलं, आणि राखणवाले तिकडे धावले तेव्हा ही खोपडीत जाऊन आली. मी असं काही शिकवलं नव्हतं.

खुणेचा आवाज असा ठेवा की ऐकणाऱ्याला वावगं वाटू नये. ऑगस्ट १९७१ मध्ये बांगलादेशच्या मुक्तिवाहिनीचे पाणबुडे चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज इथल्या जहाजांवर गेले, छातीला गमछ्याने सुरुंग बांधून. कधी निघायचं याची खूण होती कलकत्ता आकाशवाणीवर लागणारी ठरावीक गाणी. रेडिओ तर सगळेच ऐकत होते. यावरून मी म्हशीला हाक मारायची खूण ठरवली: "गंगे, हूर्र!" म्हणजे निघा. त्या रात्री गावातल्या एकाची खरीच म्हैस सुटली आणि तिचं नाव गंगीच. वेळेआधीच छापा पडला, राखणवाले जेवत होते. आता मी आदल्या दिवशी गावातल्या म्हशींची नावं विचारून घेतो.

परत येण्याला मी सगळ्यात जास्त गुण देतो, आणि याला कारण आहे. पहिल्या वर्षी छापेवाले सहा गेले, पाच आले. सगळ्यांना वाटलं सहावा मागून येतोय. मी मोजलं नव्हतं. फौजेत इतकी वर्षं मोजत आलो आणि गावच्या वावरात विसरलो. चाळीस मिनिटं शोधलं, विहिरीत बॅटरी मारून बघितलं, तेव्हा हात थरथरत होता. पोरगं बंडीखाली झोपलेलं सापडलं. त्याच्या आईनं मला काय काय ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही, आणि तिचं बरोबर होतं.

तेव्हापासून नियम: टोळीतला एक जरी मागे राहिला तर आणलेली बातमी शून्य. १९४३ मध्ये ब्रह्मदेशात जपान्यांच्या पिछाडीला पाठवलेले इंग्रजी फौजेचे चिंडिट सुमारे ३००० होते, परत आले २१८२. चालता न येणाऱ्या जखमींना जंगलात, खेड्यांत सोडून यावं लागलं. दुसरीकडे डिसेंबर १९७१ मध्ये आपल्या '१० पॅरा' या पलटणीचे कमांडो जीप घेऊन सिंधच्या वाळवंटात खोल आत शिरले, छाछरो घेतलं, आणि आपला एकही माणूस न गमावता आले. पोरांना छाछरोचा छापा ऐकायला आवडतो. मी त्यांना आधी चिंडिटांचे आकडे पाठ करायला लावतो.

आल्यावर एकेकाला वेगळं बसवून विचारा, सगळ्यांसमोर नाही. सगळ्यांसमोर विचारलं की पहिला बोलतो तेच बाकीचे बोलतात. कागदावर तिघांचं तीन रकान्यांत लिहा. दोघांनी सहा घमेली सांगितली आणि तिसऱ्याने पाच, तर कोण खोटं बोलतो ते नका शोधू, कोण कुठे उभा होता ते विचारा. त्या शेळ्यावालीनं सांगितलं, "काका, घमेले सहा होते, पन एकात पानी होतं. म्हंजे त्यायचं कुत्रं आहे तिथं, आमाले दिसलं नाही." कुत्रं होतं. राखणवाल्यांनी ते मला न विचारता आणलं होतं, खोपडीमागे बांधलं होतं, आणि तोंडापुढे भाकर टाकून गप्प ठेवलं होतं.

चहा, पोहे, मग पुन्हा एकदा मोजणी, आणि प्रत्येकाला घराच्या दारापर्यंत सोडणं. त्यानंतर तसंच परत वावरात जा आणि झटका मशीन चालू करा. एका साली मी सकाळवर टाकलं. डुकरांनी भुईमुगाच्या चार ओळी उकरल्या आणि पुढच्या वर्षी त्या मालकानं वावर द्यायला दोन हप्ते झुलवलं.