निनावी स्पोर्टिंग रायफल कोणी घडवली, हे कसं शोधावं

दोन महायुद्धांच्या आसपासच्या काळात जर्मन मॉझर ९८ आणि अमेरिकन स्प्रिंगफील्ड १९०३ या लष्करी रायफलींच्या ॲक्शनवर (काडतूस भरणारी आणि झाडणारी यंत्रणा) असंख्य शिकारी रायफली हाताने घडवल्या गेल्या. त्यांतल्या बऱ्याच रायफलींवर घडवणाऱ्याचं नाव नसतं, किंवा जे असतं ते दुसऱ्याच कुणाचं असतं. अशी रायफल एकाच कारागिराची क्वचितच असते. ॲक्शन एका कारखान्याची, नळी दुसऱ्याची, दस्ता तिसऱ्याचा, नक्षीकाम चौथ्याचं आणि वरचं नाव फक्त विक्रेत्याचं, हे नेहमीचंच. म्हणून प्रत्येक भागाची ओळख वेगळी पटवायची आणि मग या सगळ्यांना एकत्र आणणारा कोण, ते शोधायचं.

सुरुवातीला दोन गोष्टी. रायफल परवान्यावर असावी आणि काम परवानाधारकासमोर किंवा परवाना असलेल्या बंदूक-कारागिराकडेच व्हावं. मूळ क्रमांक कानशीने घासून काढलेला दिसला तर तिथेच थांबा. ओळखचिन्ह नसलेलं शस्त्र बाळगणं १९५९च्या शस्त्र कायद्याच्या कलम ८ नुसार गुन्हा आहे, त्यामुळे आधी परवाना अधिकाऱ्यांना कळवा. दुसरं म्हणजे बोल्ट (मागची सरकती खिटी) काढून चेंबर (काडतूस बसतं ती जागा), मॅगझिन (काडतुसांचा कप्पा) आणि नळी रिकामी असल्याची डोळ्यांनी खात्री करा. नळीत घट्ट बसलेलं जुनं काडतूस सापडणं दुर्मीळ नाही.

दस्ता उतरवणं

खरी माहिती नळीच्या खालच्या बाजूला, लाकडात लपलेली असते. आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा आणि स्क्रूंच्या खाचा नीट बघा. उत्तम कामात खाचा एका रेषेत, नळीच्या दिशेने असतात. त्या चिरडलेल्या असतील तर रायफल आधी कुणीतरी उघडली आहे, म्हणजे भाग बदललेले असण्याची शक्यता धरून चाला. स्क्रूड्रायव्हरचं टोक समांतर कडांचं आणि खाचेत पूर्ण भरणारं हवं. घरातला निमुळत्या टोकाचा स्क्रूड्रायव्हर हमखास निसटतो आणि खाच कायमची बिघडते.

मॉझरमध्ये ट्रिगर-गार्डच्या पुढे आणि मागे एकेक मोठा स्क्रू असतो. त्यांना अडवून धरणारे छोटे लॉक-स्क्रू असतील तर ते आधी काढा. दस्त्याच्या पुढच्या भागात नळीला धरून ठेवणारा तिसरा स्क्रू किंवा आडवी पाचर आहे का, तेही आताच तपासा. ती तशीच ठेवून नळी उचलली की दस्त्याचा पुढचा भाग फाटतो. नळी आणि ॲक्शन सरळ वर उचला. एक टोक आधी उचललं तर ॲक्शनच्या मागच्या टोकापाशी लाकडाची कपची निघते.

नळीखालचे शिक्के

पातळ तेल आणि मऊ कापड, एवढ्यावरच साफसफाई आटपा. तारेचा ब्रश, पॉलिश पेपर किंवा ॲसिड वापरलं तर उथळ शिक्का कायमचा जातो. दिवा अगदी आडवा धरला की बारीक अक्षरं उठून दिसतात. त्यावर खडूची पूड हलकेच चोळून फोटो घ्या.

प्रूफ मार्क म्हणजे सरकारमान्य चाचणीगृहाचा शिक्का. त्यावरून नळीची चाचणी कुठे आणि कोणत्या काळात झाली ते कळतं. बर्मिंगहॅमचं चाचणीगृह १८१३चं आहे. १९०४ ते १९५४ या काळात तिथल्या शिक्क्यांत मुकुटाखाली ‘बीपी’, ‘बीव्ही’ किंवा ‘एनपी’ अशी अक्षरं दिसतात. लंडनच्या ‘एनपी’वर तलवार धरलेला हात असतो. ब्रिटिश रायफलीवर बहुधा कॉर्डाइट (दारू) किती ग्रेन आणि गोळी किती ग्रेन (वजनाचं छोटं माप), हेही कोरलेलं असतं.

जर्मन नळीवर १८९१च्या कायद्याचे शिक्के असतात: मुकुटाखाली ‘यू’ म्हणजे तपासणी, ‘जी’ म्हणजे आतून आटे (पीळदार खाचा) पाडलेली नळी आणि ‘बी’ म्हणजे गोळी झाडून केलेली चाचणी. १९४० पासून त्यांच्या जागी गरुड आणि ‘एन’ येतो. जुन्या जर्मन नळीवर ‘१७२.२८’ असा विचित्र आकडा दिसला तर तो अनुक्रमांक समजू नका. तो गेज पद्धतीतला व्यास आहे, म्हणजे ०.३० इंच. त्याच्या शेजारी महिना-वर्ष असे आकडे असतील तर चाचणीचा महिनाच हाती लागतो. बेल्जियमच्या लिएजचा शिक्का म्हणजे अंडाकृती चौकटीत ‘ई-एल-जी’.

अमेरिकेत सरकारी चाचणीगृह नव्हतं. त्यामुळे नळीवर एकही प्रूफ मार्क नसणं, ही अमेरिकन कामाकडे बोट दाखवणारी खूण ठरते. स्प्रिंगफील्डची मूळ लष्करी नळी शाबूत असेल तर नळीच्या तोंडाजवळ कारखान्याची आद्याक्षरं आणि ‘११-२७’ असं काही दिसेल, म्हणजे नोव्हेंबर १९२७.

नळीवर ‘क्रुप’ किंवा ‘बोहलर’ वाचून हरखून जाऊ नका. ती पोलादाची नावं आहेत.

ॲक्शन

मॉझरच्या जर्मनीतल्या ओबर्नडॉर्फ कारखान्याच्या खुणेत ‘वाफेनफाब्रिक मॉझर’ असेल तर ॲक्शन १९२२च्या आधीची, ‘मॉझर-वेर्के’ असेल तर त्यानंतरची. रिसीव्हरच्या (ॲक्शनचा मुख्य सांगाडा) डाव्या भिंतीत अंगठ्यासाठी खाच असेल तर ॲक्शन बहुधा लष्करी मूळची. वरची कारखान्याची खूण आणि वर्ष अनेकदा घासून काढलेलं असतं, पण बाजूचा क्रमांक सहसा उरतो. स्प्रिंगफील्ड १९०३ मध्ये स्प्रिंगफील्ड आर्मरीचा ८,००,००० पेक्षा कमी क्रमांकाचा आणि रॉक आयलंड कारखान्याचा २,८५,५०७ पेक्षा कमी क्रमांकाचा रिसीव्हर ठिसूळ निघू शकतो. तशी रायफल कुणाचीही असो, झाडू नका.

तारखेचा नियम सोपा आहे: रायफल तिच्यातल्या सर्वांत नव्या मूळ भागापेक्षा जुनी असू शकत नाही. फक्त तो भाग मूळचा आहे की नंतर बसवलेला, हे ठरवायला डोकं लागतं.

चेंबरचा साचा

नळीवर लिहिलेलं कॅलिबर (काडतुसाचं माप) खरं धरून चालू नका, चेंबरचा साचा काढून मोजा. सेरोसेफ नावाचा मिश्रधातू ७० ते ८८ अंश सेल्सियसला वितळतो. चेंबरच्या पुढे नळीत कापडाचा घट्ट बोळा ठेवा, चेंबरला तेलाचा अगदी पातळ हात द्या आणि धातू ओता. अर्ध्या तासाच्या आत साचा काढा आणि ओतल्यापासून एक तासाने मोजा, कारण त्या वेळी तो चेंबरच्या मापाचा असतो. नंतर तो फुगत जातो. या धातूत शिसं आणि कॅडमियम असतं, म्हणून खिडकी उघडी ठेवा आणि स्वयंपाकाचं भांडं वापरू नका. जुन्या ८x५७ नळीत आट्यांचा व्यास .३१८ इंचही असू शकतो आणि .३२३ इंचही. नुसत्या चेंबरवरून हा फरक कळत नाही. मऊ शिशाची गोळी नळीतून ढकलून तो मोजावा लागतो.

लाकडाच्या आत

दस्त्याची नळीची खाच, मॅगझिनची पोकळी आणि बट-प्लेट (दस्त्याच्या मागच्या टोकावरची पट्टी) व ग्रिप-कॅप (मुठीच्या टोकावरचं झाकण) यांच्या खालची जागा बघा. दस्ता घडवणारे तिथे पेन्सिलीने किंवा छोट्या ठशाने आद्याक्षरं, कामाचा क्रमांक, कधी गिऱ्हाइकाचं आडनावही लिहीत. सही असलीच तर इथेच मिळते, म्हणून घाई करू नका. क्रमांक दिसला तर तो ॲक्शनच्या क्रमांकाशी जुळतो का ते पाहा. न जुळणारा क्रमांक बहुधा कार्यशाळेचा स्वतःचा असतो. न्यूयॉर्कची ग्रिफिन अँड हाउ (स्थापना १९२३) आपल्या रायफलींना असे वेगळे क्रमांक देत असे.

घाट आणि सजावट सर्वांत शेवटी

बारीक दस्ता, शिंगाचं टोक, नळीवर बसवलेली पट्ट्याची कडी आणि उघडमिट होणाऱ्या पानांची एक्स्प्रेस साइट (नेम धरायची खूण) ही ब्रिटिश धाटणी. चोचीसारखं पुढचं टोक, दोन ट्रिगर आणि चपटी बोल्ट-मूठ ही जर्मन-ऑस्ट्रियन. आबनुसी टोक, पोलादी ग्रिप-कॅप आणि लायमन ४८ साइट ही महायुद्धांमधली अमेरिकन. उंच गाल-टेकू आणि पांढऱ्या पट्ट्या दिसल्या तर दस्ता बहुधा १९५०च्या आसपासचा किंवा नंतरचा.

धाटणीवरून देश आणि दशक सांगता येतं, माणूस नाही. नीडनर या अमेरिकन कारागिराच्या धाटणीची चौकडीदार बट-प्लेट इतरांनीही भरपूर वापरली. ग्रिफिन अँड हाउचा दुर्बिणीचा माउंट (दुर्बीण बसवायची बैठक) सुटा विकला जाई, त्यामुळे माउंटवरचं नाव रायफलीचं ठरत नाही. मिसूरीतल्या फायेन आणि बिशप या कंपन्या अर्धवट घडवलेले दस्ते टपालाने पाठवत. त्यावर घरी काम करणाऱ्याचं नाव कुठेही नोंदलेलं नसेल.

भारतात सापडणाऱ्या ब्रिटिश रायफलींवर कलकत्त्याच्या मँटन किंवा रॉडा अशा दुकानांची नावं असतात. मुंबईत आर्मी अँड नेव्हीचंही दुकान होतं. यांतलं कोणतंही नाव आधी विक्रेत्याचंच समजा. माल बहुधा इंग्लंडातून तयार होऊन येई.

नोंदवहीकडे

संशयित निर्माता ठरला आणि त्याच्या नोंदी टिकून असतील, तर त्या कंपनीला क्रमांक, कॅलिबर, नळीची लांबी आणि नळीखालच्या शिक्क्यांचे स्पष्ट फोटो पाठवा. रिग्बी, हॉलंड अँड हॉलंड आणि वेस्टली रिचर्ड्स यांच्याकडे जुन्या नोंदवह्या आहेत. प्रश्न ‘ही तुमची का?’ एवढाच विचारू नका. ‘या क्रमांकावर कोणत्या कॅलिबरची, किती लांब नळीची रायफल नोंदली आहे?’ असं विचारा. क्रमांक जुळला पण कॅलिबर वेगळं निघालं, तर नळी नंतर बदलली आहे किंवा क्रमांकाचा योगायोग आहे.

शेवटी कागदावर लिहिताना भाग वेगळे ठेवा: ‘ॲक्शन ओबर्नडॉर्फ, १९२२ नंतर, नळी बर्मिंगहॅममध्ये तपासलेली, दस्ता आद्याक्षरांवरून अमुक, नोंदवहीतून पडताळा नाही.’ नोंदवहीने किंवा लपलेल्या सहीने सिद्ध झालेलं नाव ‘निर्माता’ म्हणून लिहा. नुसत्या धाटणीवरून सुचलेल्या नावापुढे ‘संभाव्य’ हा शब्द असलाच पाहिजे, विकताना तर नक्कीच.