गावात बसून जुनी बॉम्बर विमानं उडताना कशी पाह्यची

राजेहो, दुसऱ्या महायुद्धातली बॉम्बर आजबी उडतात, पण मोजकीच. लँकेस्टर हे इंग्रजांचं बॉम्बर जगात दोनच उडण्यासारखी आहेत, एक इंग्लंडच्या हवाई दलाकडं अन दुसरं कॅनडात हॅमिल्टनला, आणि अमेरिकेचं बी-२९ पण दोनच, 'फिफी' अन 'डॉक' नावाची. डॉक तर कित्येक वर्षं दुरुस्तीत होतं, २०१६ मधे परत उडालं.

त्यांचे एअर शो मोबाइलवर लाइव्ह पाह्यचे असतील तर आधी टाइम पक्का करा. उन्हाळ्यात इंग्लंड आपल्या साडेचार तास मागं, म्हणजे तिथं दुपारी तीनचा शो आपल्याकडं संध्याकाळी साडेसातला, नेमकं लोडशेडिंग असलं तर मोबाइल आधीच चार्ज करून ठेवा आणि धुऱ्यावर रेंज येते तिथं बसा.

व्हिडिओ टेकऑफपासून लावू नका, इंजिन सुरू व्हायच्या आधीपासून पाहा. बी-२९ चे पंखे क्रूचे लोक हातानं ढकलत फिरवतात, कारण रेडियल इंजिनात, म्हणजे सिलिंडर गोलाकार लावलेल्या इंजिनात, खालच्या सिलिंडरमधे ऑइल उतरून साचतं आणि तसंच स्टार्टर मारलं तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. मग एकेक इंजिन धूर सोडत पकडतं, मले तर हेच सगळ्यात भारी वाटते!

हेडफोन लावाच, लँकेस्टरच्या चार मर्लिन इंजिनांचा आवाज मोबाइलच्या स्पीकरवर मरतो.