‘डिलिव्हर्ड’ दिसतंय, पण गिऱ्हाईक म्हणतं मिळालंच नाही

लगेच वाद घालू नका. पुष्कळदा पार्सल शेजारी किंवा वॉचमनकडे ठेवलेलं असतं; आधी तेवढं बघायला सांगा. नाहीच सापडलं तर त्याच दिवशी कुरिअरकडून पोहोच मागवा: सही, फोटो किंवा ओटीपीची नोंद.

खरी तयारी मात्र पॅकिंगच्या वेळीच करायची. वस्तू, वजनकाट्यावरचा आकडा आणि लेबलवरचा एडब्ल्यूबी नंबर (कुरिअरचा ट्रॅकिंग नंबर) एकाच सलग व्हिडिओत घ्या. मध्ये कट नकोच, कापलेल्या व्हिडिओवर हमखास शंका घेतली जाते. परत आलेलं पार्सलही कॅमेऱ्यासमोरच उघडा. फोनवर बोलणं झालं तरी ठरलेलं चॅटमध्ये लिहा. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ग्राहकाच्या तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं, त्यामुळे उत्तर लांबवू नका.