जुना कटर पुन्हा चालू करायचा तर पार्ट मापानं शोधा

खानापूर, लोंढा, रामनगर, हल्याळ या पट्ट्यात ज्या घरांनी कधीकाळी लाकडाचा धंदा केला, त्यांच्या मागच्या सोप्यात बघा. गोणपाटात गुंडाळलेला एखादा जुना चेन सॉ, म्हणजे आपला कटर, बऱ्याचदा तिथं पडून असतो. दोरी ओढली तर फिरत नाही, किंवा फिरतो पण पेटत नाही. मालक दुकानात विचारतो, "हे मॉडेल बंद झालं, पार्ट येत नाहीत" असं उत्तर मिळतं आणि मशीन किलोच्या भावानं भंगारात जातं. मला याचं मनापासून वाईट वाटतं. मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फिटर होतो, आता नंदगडात घरीच कटर, पंप, पॉवर टिलर दुरुस्त करतो. या मशीनचे बरेचसे पार्ट बेळगावातच मिळतात. "कटरचा पार्ट द्या" म्हटलं तर दुकानदार मान हलवतो. नंबर आणि माप सांगितलं की तोच दुकानदार डबा काढून पुढं ठेवतो.

मशीन कुठलं ते आधी ठरवा

स्टिकर कधीच उडालेलं असतं, त्यामुळं रंगावरून ओळखू नका. स्टिल (Stihl) कंपनीच्या मशीनला ओतीव भागावर आतल्या बाजूला नंबर कोरलेला असतो. ब्रशनं घासून तो वाचा. पूर्ण पार्ट नंबर ११ आकडी असतो आणि त्याचे पहिले चार आकडे मशीनचं घराणं सांगतात. ११०६ म्हणजे ०७० आणि ०९० ही मॉडेलं, ११०८ म्हणजे ०८, १११० म्हणजे ०४१, ११११ म्हणजे ०५१, १११९ म्हणजे ०३८. पुढचे तीन आकडे पार्टचा गट सांगतात. ०३० पिस्टन-क्रँक, १२० कार्बोरेटर, १६० क्लच, ४०० इग्निशन, ६४० ऑइल पंप.

यातली सगळ्यात कामाची गोष्ट अशी की नंबर ९ नं सुरू झाला, तर तो पार्ट त्या मॉडेलपुरता नसतो. ९५०३ म्हणजे बॉल बेअरिंग, ९६४० म्हणजे ऑइल सील. बेअरिंगवर ६२०२, ६२०३ असा जागतिक नंबर असतो, तो सांगा. सी-३ क्लिअरन्सचं, म्हणजे आत थोडी जास्त ढील असलेलं मागा, कारण कटरचं इंजिन तापतं आणि साधं बेअरिंग आवळतं. सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी लिहिलेली असते, उदाहरणार्थ १५-३५-७. अक्षरं पुसली असतील तर व्हर्नियर लावा. ही दोन्ही बेळगावातल्या कुठल्याही चांगल्या बेअरिंगच्या दुकानात मिळतात, तिथं नसतील तर हुबळी-कोल्हापूर आहेच. मी कागदावर नंबर लिहून फोटो पाठवतो. समोरचा कानडीत बोलो नाहीतर मराठीत, घोळ होत नाही.

घराणं कळलं की आणखी एक वाट उघडते. ०३८ जुना म्हणून सोडून देतात, पण त्याच १११९ घराण्यातून पुढं एमएस ३८० आणि ३८१ निघाले. ०३८ मॅग्नमचा पिस्टन ५२ मिलिमीटरचा, ७२ सीसीचा, आणि त्याचे कितीतरी पार्ट ३८१ शी जुळतात. हुस्कवर्ना कंपनीच्या मशीनचंही तसंच आहे. ६१, २६८ आणि २७२ यांचं खालचं धड एकाच घराण्यातलं, पिस्टन अनुक्रमे ४८, ५० आणि ५२ मिलिमीटर. ६१ चा सिलिंडर गेला तर पिस्टनसकट २७२ चा सिलिंडर बसवता येतो. ०७० तर उष्ण प्रदेशातल्या जंगलांसाठी इतकी वर्षं बनत राहिला, की त्याच्या ५८ मिलिमीटरच्या पिस्टनचे आणि सिलिंडरचे नकली संचही ढिगानं मिळतात. नकली घ्यायचाच झाला तर रिंगा, पिन आणि सर्क्लिप (पिन जागेवर धरणारी तारेची कडी) तपासून घ्या. सर्क्लिप मऊ असेल तर ती सुटून सिलिंडर फाडते, म्हणून मी ती नेहमी चांगल्या कंपनीची वेगळी घालतो.

उघडण्याआधी बघा

प्लग काढून कॉम्प्रेशन गेज लावा, थ्रॉटल पूर्ण उघडा, दोरी पाच-सहा वेळा ओढा. १५० पीएसआयच्या आसपास आलं तर वरचं अंग ठीक. ११० च्या खाली असेल तर पिस्टन-रिंगांकडं जावं लागणार. गेज नसेल तरी सायलेन्सरचे बोल्ट काढा आणि एक्झॉस्टच्या भोकातून टॉर्चनं पिस्टन बघा. एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे म्हणजे मशीन ऑइलशिवाय किंवा कमी पेट्रोलवर चाललंय. इनटेकच्या बाजूला ओरखडे आणि खरखरीतपणा म्हणजे फिल्टर फाटून भुसा-धूळ आत गेलीय. हा फरक समजून घ्या. कारण तसंच राहिलं तर नवा पिस्टनही त्याच वाटेनं जातो.

आता एक गोष्ट, जी स्कूटर दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकांनी मुद्दाम वाचावी. चेतक स्कूटरचा सिलिंडर बिडाचा असतो, त्याला बोअर मारून मोठा पिस्टन घालता येतो. कटरचा सिलिंडर ॲल्युमिनियमचा असून आतून क्रोम किंवा निकासिलचा (निकेलचा कठीण मुलामा) पातळ थर दिलेला असतो. त्याला बोअर मारला की थर गेला आणि सिलिंडर संपला. ओरखड्यासारखं दिसतं ते पुष्कळदा पिस्टनचं वितळलेलं ॲल्युमिनियम भिंतीला चिकटलेलं असतं. कॉस्टिक सोड्याचं पाणी कापसाच्या काडीनं फक्त त्या डागावर लावा, फेस थांबला की पुसा, परत लावा. पोर्टमध्ये ओघळू देऊ नका, तिथं उघडं ॲल्युमिनियम असतं. हातमोजे आणि चष्मा हवाच. शेवटी ४०० नंबरच्या पॉलिश पेपरनं आडवा-तिरका हलका हात. त्यानंतर नख अडकत नसेल तर सिलिंडर वाचला. थरच सोललेला दिसला तर मात्र दुसरा शोधा.

क्लच काढताना बहुतेक मशीनला उलटे आटे असतात, घड्याळाच्या दिशेनं फिरवल्यावर तो सुटतो. पिस्टन अडवायला प्लगच्या भोकातून नायलॉनची दोरी सोडा, टोकाला गाठ मारून ठेवा म्हणजे ती आत हरवत नाही. पिस्टन एक्झॉस्टचं भोक झाकून वर आल्यावरच दोरी घाला, नाहीतर ती पोर्टच्या कडेत कापली जाते. फ्लायव्हीलला हातोडी मारू नका, पुलर (ओढून काढायचं साधन) लावा. उद्यमबागेत कुठलाही टर्नर दोन बोल्टांचा पुलर तासाभरात बनवून देईल.

हवा गळती

वर्षानुवर्षं पडून असलेल्या कटरचं खरं दुखणं बहुतेक वेळा इथंच असतं. क्रँकच्या दोन्ही टोकांचे ऑइल सील वाळून कडक होतात. तिथून हवा ओढली जाते, मिश्रण पातळ होतं, मशीन मोकळ्यात उगाच जोरात किंचाळतं आणि शेवटी पिस्टन धरतं. लोक तेवढ्यात कार्बोरेटर बदलतात, स्क्रू पिळत बसतात.

तपासायला महागडं यंत्र लागत नाही. इनटेक आणि एक्झॉस्टला सायकलच्या ट्यूबचा तुकडा ठेवून वर कार्बोरेटर आणि सायलेन्सर आवळा. क्रँककेसमधून कार्बोरेटरकडं जाणारी इम्पल्सची नळी ज्या मशीनला आहे तिथं, नाहीतर प्लगच्या भोकात ॲडॉप्टर घालून, डॉक्टरांचा बीपीचा पंप जोडा. ३०० वर काटा नेला की ०.४ बार दाब होतो, तेवढा पुरतो. अर्धा मिनिट काटा हलता कामा नये. हलला तर सील, सिलिंडरचं बूड आणि कार्बोरेटरचा बूट इथं साबणाचं पाणी लावा, बुडबुडा जागा दाखवेल. मात्र सीलची ओठी दाबाखाली बसते आणि ओढीखाली उचलते, त्यामुळं या परीक्षेत पास झालेला सीलही नखाला कडक लागला तर बदलाच. सील स्वस्त असतो, तो वाचवायच्या नादात गेलेला सिलिंडर महाग पडतो.

बुडाचं गॅस्केट मिळालं नाही तर ०.५ मिलिमीटरचा गॅस्केट पेपर आणा. सिलिंडरच्या बुडावर ठेवून छोट्या गोल हातोडीनं कडेकडेनं टिचकत गेलं की बरोब्बर कापला जातो. जुन्याची जाडी मापून तेवढाच घ्या. जाड पेपरनं कॉम्प्रेशन पडतं.

ठिणगी

जुन्यांत फ्लायव्हीलखाली ठिणगीची वेळ साधणारे पॉइंट आणि कंडेन्सर असतात. पॉइंटला गंजाचा थर चढलेला असतो, नुसतं बारीक पॉलिश पेपरनं घासून आणि पेट्रोलनं पुसून अनेक मशीन ठिणगी देऊ लागतात. गॅप फीलर गेजनं ०.३५ ते ०.४ मिलिमीटर. कंडेन्सर गेला असेल तर ०.२ मायक्रोफॅरडच्या आसपासचा पॉइंटवाल्या जुन्या दुचाकीचा चालतो, राजदूत-लुनाचे अजून जुन्या ऑटो स्पेअरवाल्यांकडं निघतात. जागेत बसला नाही तर वायर लांबवून बाहेर क्लिपनं धरा. बॉडीला अर्थ नीट मिळायला हवा एवढंच. जिथं कॉइल फ्लायव्हीलच्या बाहेर आहे, तिथं मधे जाड व्हिजिटिंग कार्ड ठेवून कॉइल आवळा, ०.२ ते ०.३ मिलिमीटर जागा राहते. प्लग आपला मायकोचा, म्हणजे आताच्या बॉशचा, चालेल, पण १४ मिलिमीटरचे आटे जुळले म्हणून समाधान मानू नका, आट्यांची लांबीही जुन्याइतकीच हवी. लांब प्लग पिस्टनला लागतो.

कार्बोरेटर आणि आजचं पेट्रोल

०७० सारख्यांना टिलॉटसनचा एचएल जातीचा कार्बोरेटर असतो. आत फ्लोट नसतो, रबरी डायफ्रॅम असतात आणि तेच वाळून पत्र्यासारखे होतात. रिपेअर किट कटरच्या नावानं मागण्यापेक्षा कार्बोरेटरवर कोरलेल्या नंबरानं मागवा. उघडताना प्रत्येक थराचा मोबाईलवर फोटो काढा. मीटरिंगच्या, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या सुईच्या बाजूला बॉडीला आधी गॅस्केट, त्यावर डायफ्रॅम, मग झाकण. सुईची लिव्हर एचएलमध्ये खोलगटाच्या तळाशी सपाट यायला हवी. वर राहिली तर मशीन पेट्रोल पिऊन भिजतं, खाली गेली तर उपाशी मरतं. जाळ्या आणि भोकं कार्ब क्लीनरनं धुवा, भोकात तार घालू नका.

आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल आपल्याच ऊसपट्ट्यातल्या कारखान्यांतूनही जातं, शेतकऱ्याला त्याचा उपयोग आहे, पण जुन्या रबराला ते मानवत नाही आणि हवेतलं पाणी ओढून घेतं. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात तर विचारूच नका. म्हणून टाकीतली नळी नव्या ई-२० गाड्यांसाठी येते ती घाला, पेट्रोल-ऑइलचं मिश्रण आठवड्यापुरतंच करा आणि काम संपलं की टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. लिटरला २० मिली टू-स्ट्रोक ऑइल म्हणजे ५० ला १. नवा पिस्टन घातला असेल किंवा ऑइलच्या दर्जाची खात्री नसेल तर मी ४० मिली घालतो. धूर थोडा जास्त होतो, होऊ दे.

कार्बोरेटरवरचे एल (कमी वेगाचा) आणि एच (पूर्ण वेगाचा) हे दोन्ही स्क्रू हलक्या हातानं पूर्ण बंद करून एकेक फेरा उघडा, इथून सुरुवात. मशीन गरम झाल्यावर आधी एल नं आयडल आणि उचल जुळवा. मग पूर्ण थ्रॉटलवर एच असा ठेवा की मोकळ्यात आवाज जरासा फरफरतो आणि लाकडात बसल्यावर स्वच्छ होतो. मोकळ्यातच स्वच्छ तीक्ष्ण आवाज आला तर एच लगेच थोडा उघडा. हे कानानं शिकायचं काम आहे, चांगल्या चालणाऱ्या मशीनशेजारी उभं राहून शिका.

पट्टी, साखळी आणि जीव

साखळी घेताना लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधलं अंतर मापून दोननं भागा. तीन रिव्हेट १९ मिलिमीटर भरले तर ३/८ इंची साखळी, साडेवीस भरले तर .४०४, साडेसोळा भरले तर .३२५. साखळी जिच्यावर फिरते त्या पट्टीची खाच वेगळी मापा. मोठ्या स्टिलला साधारण १.६ मिलिमीटर, हुस्कवर्नाला १.५ असते. एवढ्या फरकानंही साखळी डुलते किंवा अडकते. कानस .४०४ ला ५.५ मिलिमीटरची, ३/८ ला ५.२ ची, .३२५ ला ४.८ ची. मत्ती, किंजळ यांसारख्या कठीण लाकडात घाईघाईत धार लावलेली साखळी लगेच कळते, भुसा पिठासारखा पडतो.

बऱ्याच जुन्या मशीनना चेन ब्रेक नसतो. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की मशीन उसळून तोंडाकडं येतं आणि थांबवायला काही नसतं. अशा मशीननं झाडावर चढून काम करायचं नाही, खांद्याच्या वर धरायचं नाही, जमिनीवर पडलेले ओंडके तोडायला वापरायचं. हेल्मेट-जाळी, कानाला मफ, पायात जाड बूट. ज्याच्या घरचं मशीन दुरुस्त करतो त्याला मी हे प्रत्येक वेळी सांगतो. आणि स्वतःच्या शेतातलं झाड असलं तरी आपल्याकडं कर्नाटक वृक्ष संरक्षण कायदा, १९७६ लागू आहे, आधी वन खात्याकडं चौकशी करा. चंदगडच्या बाजूला महाराष्ट्राचा कायदा वेगळा आहे. भीमगड अभयारण्याच्या आसपास तर मशीन गाडीत टाकण्याआधीच विचारा.

साखळीच्या टाकीत गाडीचं जळकं ऑइल घालायची आपल्याकडं सवय आहे, ती सोडा. त्यातली लोखंडाची बारीक कचरी ऑइल पंपच खाते, आणि जुन्या मशीनचा पंप शोधणं पिस्टन शोधण्यापेक्षा अवघड. साखळीचं ऑइल नसेल तर नवं ४० नंबरचं इंजिन ऑइल घाला. मग मशीन चालू करून पट्टीचं टोक पांढऱ्या पुठ्ठ्यासमोर वीतभर अंतरावर धरा आणि थ्रॉटल द्या. पुठ्ठ्यावर ऑइलची रेघ उमटली तर लाकडाला लावा. नाही उमटली तर पट्टी काढून तिचं ऑइलचं भोक आणि खाच साफ करा, आणि तरीही नाही आली तर पंपाकडं वळा.